‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली लग्नं : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेन ऑस्टिनची ही कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी प्रसिद्ध झाली. राजारामपुरीतल्या आमच्या रविवारच्या वाचनगटात ती वाचायला घेतली की पुढचे कित्येक आठवडे फोनवर प्रश्न येत राहतात. कुणी इंग्रजी घेऊन बीए करणारी मुलगी असते, कुणी कागल-गडहिंग्लजकडच्या शिक्षिका, तर कुणी मुलीसाठी स्थळं बघणारी आई. भाषेबद्दल फार कमी जण विचारतात. बहुतेक प्रश्न लग्नाबद्दलच असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पात्रं खूप आहेत, गोंधळ होतो. कोण कुणाचं, ते आधी सांगाल का?

इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये लाँगबर्न नावाच्या गावी बेनेट कुटुंब राहतं. पाच मुली आहेत : जेन, एलिझाबेथ, मेरी, किटी आणि लिडिया. मुलगा नाही. शेजारी बिंगली नावाचा श्रीमंत तरुण भाड्यानं बंगला घेऊन राहायला येतो. त्याच्याबरोबर त्याचा मित्र डार्सी असतो, बिंगलीहून कितीतरी श्रीमंत आणि वागायला ताठ. कॉलिन्स हा बेनेट यांचा लांबचा भाऊबंद, पेशानं पाद्री. शार्लट लुकस ही एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. विकम हा देखणा लष्करी अधिकारी, गोड बोलणारा आणि कर्जात बुडालेला.

कादंबरीच्या ओघात चार लग्नं होतात : शार्लट-कॉलिन्स, लिडिया-विकम, जेन-बिंगली आणि एलिझाबेथ-डार्सी. आधीपासून चाललेले दोन संसारही नीट बघा, आईवडिलांचा आणि मामा-मामींचा. लग्न कशासाठी करायचं, याचं प्रत्येक जोडप्याचं उत्तर वेगळं आहे.

२. पाच मुलींच्या लग्नाची एवढी घाई का? शिकून नोकरी करायची, त्यात काय?

नोकरीच नव्हती. जमीनदाराच्या मुलीला प्रतिष्ठा राखून पैसे मिळवायचा जवळजवळ एकच मार्ग होता, दुसऱ्याच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचं. त्या बाईला गव्हर्नेस म्हणत. तिचा पगार तुटपुंजा, आणि घरात तिची जागा धड मालकांत नाही, धड नोकरांत नाही. विद्यापीठं, वकिली, लष्कर, चर्चची नोकरी, सगळं पुरुषांसाठी.

आता बेनेट मुलींचा हिशेब बघा. जमिनीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण वडील गेले की ती जमीन कॉलिन्सकडे जाणार (प्रश्न ६). आईच्या लग्नाच्या वेळी करारानं बाजूला ठेवलेले ५,००० पौंड पाच मुलींत वाटायचे, म्हणजे प्रत्येकीला १,०००, आणि तेही आई गेल्यावर. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना हा आकडा तिच्या तोंडावर बोलून दाखवतो : चार टक्क्यांनी गुंतवलेले १,००० पौंड, एवढंच तुझं. वर्षाला ४० पौंड. त्यात घर चालत नाही. ‘लग्न करशील का’ या प्रश्नाच्या पोटात ‘नाहीतर राहशील कुठे आणि खाशील काय’ हा प्रश्न आहे. हे लक्षात ठेवून वाचलं तर विनोदी वाटणारे कितीतरी प्रसंग वेगळे दिसायला लागतात.

३. डार्सीचे दहा हजार म्हणजे आजचे किती रुपये?

रुपयांत काढलेला आकडा फसवा निघतो, कारण तेव्हाची मजुरी, धान्याचे भाव, घरभाडं यांचं आपसातलं प्रमाणच निराळं होतं. त्यापेक्षा पात्रांची एकमेकांशी तुलना करा. एलिझाबेथचे भविष्यातले ४०, तिच्या वडिलांचे २,०००, बिंगलीचे ४,००० ते ५,०००, डार्सीचे १०,०००. सगळे वर्षाचे. डार्सी तिच्या अडीचशे पट आहे.

डार्सी नाचाच्या दिवाणखान्यात शिरतो आणि पाच मिनिटांच्या आत त्याचं उत्पन्न सगळ्यांच्या तोंडी होतं. कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. किती एकर, त्यातली पाण्याखाली किती, कारखान्याला ऊस किती टन जातो, पोरगा नोकरीला असेल तर कायम आहे का, ही चौकशी आपल्याकडे चहा येण्याआधी पूर्ण होते.

४. एलिझाबेथची आई एवढी उथळ का दाखवली आहे? आम्हाला तिचा राग येतो.

राग येऊ दे, पण तिचं म्हणणं ऐकून घ्या. ती बोलते फार, चारचौघांत मुलींना खाली बघायला लावते, दुखणं काढून झोपते. तरी पाच मुलींचं पुढे काय, ही चिंता त्या घरात एकटी तीच रोज वाहते. घर हातचं जाणार हे तिला पक्कं माहीत आहे आणि त्यावर तिच्या हातात असलेला एकमेव उपाय ती करते, तो म्हणजे स्थळं बघणं.

वाचकांचं प्रेम वडिलांना मिळतं, कारण ते हुशार आणि मिश्कील आहेत. कॉलिन्सला नकार दिल्यावर एलिझाबेथला ते सांगतात : लग्न केलं नाहीस तर आई तुझं तोंड बघणार नाही, आणि केलंस तर मी बघणार नाही. प्रसंग सुंदर आहे, मुलीच्या पाठीशी उभा राहणारा बाप आहे. पण पन्नासावं प्रकरण वाचा. मुलगा होईलच, या भरवशावर त्यांनी वर्षानुवर्षं पैसा मागे टाकला नाही. एकामागून एक पाच मुली झाल्या, लिडियानंतरही मुलाची वाट बघणं सुरूच राहिलं, आणि आशा संपली तेव्हा बचत करायला फार उशीर झाला होता. ‘मुलगा होईल’ म्हणून थांबलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माझं स्पष्ट मत आहे की या घरातली मोठी चूक वडिलांची आहे, आणि तिचा खर्च आईच्या घशाला पडतो.

५. त्या काळी ‘चांगली मुलगी’ म्हणजे कशी अपेक्षित होती?

आठव्या प्रकरणात याची यादीच येते. बिंगलीची बहीण सांगते : गाणं, चित्रकला, नाच, परक्या भाषा, आणि चालण्या-बोलण्यातली एक खास ढब. डार्सी त्यात भर घालतो की भरपूर वाचनानं घडलेली बुद्धीही हवी, आणि अशा फार तर सहा जणी आपल्याला माहीत आहेत. एलिझाबेथ म्हणते, सहाच माहीत आहेत याचं आश्चर्य नाही, एक तरी कशी सापडली याचं आहे.

एलिझाबेथ यादीत बसत नाही. आजारी बहिणीला भेटायला ती चिखलातून तीन मैल चालत जाते. पोचते तेव्हा परकरावर सहा इंच चिखल असतो, आणि बंगल्यातल्या बायका ती खोलीबाहेर गेल्यावर त्या सहा इंचांवर बोलत बसतात. यादीतलं जमेल तेवढं सगळं करू बघते ती मेरी. ती मन लावून पियानो वाजवते, धडे पाठ करते, आणि घरात कुणीही तिच्याकडे लक्ष देत नाही. ‘स्वयंपाक येतो, गृहकृत्यदक्ष, गोरी, उच्चशिक्षित पण घर सांभाळणारी’ असे बायोडेटा ज्यांनी स्वतःच्या नावाखाली टाइप झालेले पाहिले आहेत, त्यांना मेरीबद्दल जरा जास्त माया वाटावी.

६. मुलगा नाही तर बेनेट यांनी दत्तक का घेतला नाही?

हा प्रश्न मला कोल्हापूरइतका दुसरीकडून येत नाही, आणि का येतो तेही उघड आहे. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातल्या यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि तेच पुढे राजर्षी शाहू महाराज झाले. दत्तकानं गादी चालते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ मध्ये झाला. शिवाय लाँगबर्नच्या जमिनीवर ‘एंटेल’ होतं, म्हणजे पूर्वजांनी दस्तऐवज करून ती पुरुष वारसांच्या ओळीला बांधून ठेवली होती. बेनेट हयातीपुरते उपभोगणारे. त्यांना ती विकता येत नव्हती की मुलींच्या नावे लिहून देता येत नव्हती. मुलगा झाला असता तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून हे बंधन मोडता आलं असतं. मुलगा झाला नाही, आणि दोर कापायचा तो एकच मार्ग बंद झाला.

जिथे मालमत्ता अशी बांधलेली नसे, तिथे निपुत्रिक श्रीमंत माणूस नात्यातल्या एखाद्या मुलाला आपलं मानून वारस करू शकत असे. खुद्द ऑस्टिनच्या घरी हे झालं. तिचा भाऊ एडवर्ड याला नाइट नावाच्या निपुत्रिक नातलगांनी जवळ केलं, त्यांची मालमत्ता त्याला मिळाली, आणि १८१२ मध्ये त्यानं नाइट हे आडनावही घेतलं. त्याच्याच मालकीच्या चॉटन गावातल्या छोट्या घरात १८०९ पासून आई आणि बहिणी राहिल्या. भावानं दिलेल्या त्या छपराखाली बसून जेननं या कादंबरीवर शेवटचा हात फिरवला.

७. मग हे एंटेल म्हणजे आपल्या हक्कसोडपत्रासारखंच झालं की!

परिणाम सारखा दिसतो, वाट उलटी आहे. बेनेट मुलींना हक्क नव्हताच, त्यामुळे सोडायलाही काही नव्हतं. आपल्याकडे हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. केंद्राची दुरुस्ती २००५ ला आली, आणि तो हक्क जन्मानंच मिळतो, वडील २००५ ला हयात असोत नसोत, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात, अंगठा किंवा सही होते, साडी-चोळी होते, आणि सातबाऱ्यावरची नावं कमी होतात. न दिली सही तर माहेर तुटतं, या भीतीनं बायका सही करतात.

वाचनगटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी कॉलिन्सचं पत्र वाचून दाखवलं, ज्यात तो मुलींचं नुकसान केल्याबद्दल खेद व्यक्त करतो आणि त्याची होईल ती भरपाई करायची तयारी दाखवतो. वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “ह्यानं निदान पत्र तरी लिहिलं.”

८. शार्लटनं कॉलिन्सला होकार दिला ते बरोबर की चूक?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शार्लट २७ वर्षांची आहे. दिसायला साधी, पाठीशी पैसा नाही. एलिझाबेथनं कॉलिन्सला नाकारल्यावर तीन दिवसांच्या आत तो दोन मुलींना मागणी घालून मोकळा झालेला असतो, आणि दुसरी ‘हो’ म्हणते. कॉलिन्स शहाणाही नाही, सहवासाला बराही नाही, हे तिला पूर्ण ठाऊक आहे. ती स्वतः सांगते, मी काही स्वप्नाळू नाही, मला एक सुखाचं घर हवं आहे, बस्स.

आता तिच्या घरात काय होतं ते वाचा. धाकट्या बहिणींना आनंद होतो, कारण आता त्यांना एक-दोन वर्षं लवकर समाजात मिरवता येईल. भावांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, बहीण म्हातारपणी गळ्यात पडणार नाही. आई मनातल्या मनात मोजायला लागते की बेनेट अजून किती वर्षं जगतील. घरातल्या एकाही माणसाच्या मनात शार्लटला तो आवडतो का, हा प्रश्न येत नाही. मोठीचं अडलं की पाठच्यांचं अडतं, हे गणित जिनं घरात ऐकलं आहे तिला हा परिच्छेद दोनदा वाचावा लागणार नाही.

एलिझाबेथला धक्का बसतो आणि मैत्रीत अंतर पडतं. पण पुढे ती शार्लटच्या घरी राहायला जाते तेव्हा लेखिका आपल्याला काही दाखवते. शार्लटनं नवऱ्याला बागकामाची गोडी लावली आहे. आरोग्याला चांगलं म्हणून ती त्याला बाहेर धाडते. स्वतःच्या बसण्यासाठी तिनं घराच्या मागल्या बाजूची, कमी प्रसन्न खोली निवडली आहे. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, पुढची मोठी खोली का नाही घेतली? मग उमगतं. तिची खोलीही तेवढीच छान असती तर कॉलिन्स सारखा तिथेच येऊन बसला असता. एका खोलीच्या निवडीतून शार्लट रोजचे काही तास स्वतःसाठी राखते.

मला विचाराल तर शार्लटला चूक म्हणायचा अधिकार तिला दुसरी वाट देऊ शकणाऱ्यालाच आहे, आणि तशी वाट त्या गावात कुणाकडे नव्हती. एलिझाबेथला २० व्या वर्षी नकार परवडला, त्यामागे धैर्य होतं, तारुण्य होतं आणि बापाचा पाठिंबाही होता. शार्लटजवळ यातलं एकच शिल्लक होतं, आणि ते तिनं त्या संसारात दिवस काढायला वापरलं. त्याच वेळी, हे लग्न आदर्श म्हणून मुलींपुढे ठेवणाऱ्या आयांशीही माझं पटत नाही. ‘बघ, शार्लटनं कसं जुळवून घेतलं’ असं म्हणताना ती मागची खोली विसरली जाते.

९. एलिझाबेथनं तरी शेवटी पैसा बघूनच होकार दिला ना? डार्सीची पेम्बर्लीची हवेली बघितल्यावर मत बदललं!

तिनं डार्सीला पहिल्यांदा नाकारलं तेव्हाही त्याचे १०,००० तेवढेच होते. त्या मागणीत त्यानं प्रेमाबरोबर तिच्या घराण्याचा कमीपणाही मोजून दाखवला होता, आणि ती नाही म्हणेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती त्याला सांगते की तू सभ्य माणसासारखं बोलला असतास तर नाही म्हणताना मला थोडं जड गेलं असतं. पुढे तो कबूल करतो की हे वाक्य त्याला किती दिवस टोचत राहिलं.

पेम्बर्लीला घर, बाग, तळं हे सगळं आहे आणि तिच्यावर त्याचा परिणाम होतो, ते लपवायचं कारण नाही. पण खरा बदल घडवते ती तिथली घर सांभाळणारी बाई. ती डार्सीला चार वर्षांचा असल्यापासून ओळखते. ती म्हणते, मला तो कधी वाकडं बोलला नाही, कुळांना आणि नोकरांना विचारा, सगळे चांगलंच सांगतील. आपल्याकडे स्थळाची खरी चौकशी मध्यस्थाकडे होतच नाही. ती शेजारी, किराणा दुकानात आणि घरच्या कामवाल्या मावशींकडे होते. एलिझाबेथच्या नकळत तिच्या हातून तीच चौकशी झाली आहे.

१०. इंग्रजांत हुंडा होता का?

मुलीबरोबर पैसा जायचा, आणि त्यावर डोळा ठेवून लग्न करणारे पुरुष कादंबरीत आहेत. विकम डार्सीच्या १५ वर्षांच्या बहिणीला, जॉर्जियानाला, पळवून न्यायचा बेत करतो कारण तिच्या नावे ३०,००० पौंड आहेत. पुढे तो मिस किंगच्या मागे लागतो, तिला नुकतेच १०,००० मिळालेले असतात.

आपल्या हुंड्याहून फरक असा की शहाणी घरं लग्नाआधी करारनामा करून त्यातला काही पैसा बायको-मुलांसाठी बांधून ठेवत, नवऱ्याला तो उडवता येत नसे. करार नसेल तर मात्र लग्न लागताच बायकोची रोकड, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. लग्न मोडणंही जवळपास अशक्यच होतं, १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागत असे. आपल्याकडे हुंड्याला १९६१ पासून बंदी आहे आणि तो ‘मुलीच्या संसारासाठी’ या नावाखाली चालूच आहे, हे सांगताना मला वाईट वाटतं.

११. पुरुषांवर काही अपेक्षा नव्हत्या का? सगळं बायकांनीच सोसलं?

होत्या. कर्नल फिट्झविल्यम हा सरदाराचा मुलगा, पण धाकटा. इस्टेट थोरल्याची. तो एलिझाबेथला आडून सुचवतो की धाकट्या मुलांना मनाला येईल तिथे लग्न करता येत नाही, पैसा बघावाच लागतो. ती त्याला आवडलेली असते, आणि तो एवढं बोलून थांबतो. बिंगली श्रीमंत असून, लंडनला गेल्यावर मित्राच्या आणि बहिणींच्या सांगण्यावरून जेनला सोडून तिथेच राहतो.

तरी एक फरक राहतो. फिट्झविल्यमला थांबावं लागलं तरी त्याची नोकरी आहे, बिंगली चुकला तरी महिन्यांनी परत येऊ शकतो. जेन फक्त वाट बघू शकते. आज आपल्या भागात शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, हे दुःख खरं आहे, आणि ते सांगणाऱ्या आयांचे फोन मलाही येतात. त्यांना मी हेच प्रकरण वाचायला सांगते. माणसाची किंमत उत्पन्नावर ठरवणारा बाजार उभा केला की तो कधीतरी आपल्या पोरावरही फिरतो.

१२. लिडिया पळून गेली. आळंदीला जाऊन लग्न करतात तसंच ना?

अर्धं तसंच. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्यानंतर २१ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय परवान्यानं लग्न करता येत नसे. स्कॉटलंडमध्ये ही अट नव्हती, म्हणून जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळत. आपल्याकडची आळंदी गाठणारी जोडपी सज्ञान असतील, मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण, तर कायद्यानं त्यांना कुणाच्या संमतीची गरज नाही. लिडिया १६ ची आहे. आणि मुख्य म्हणजे विकम तिला ग्रेटना ग्रीनला नेतच नाही, लंडनमध्ये लपवून ठेवतो. लग्नाचा त्याचा विचारच नसतो.

मग त्याला पैसे देऊन उभं केलं जातं. वडिलांकडून लिडियाचा वाटा आणि वर्षाला १०० पौंड. बाकीचं डार्सी गुपचूप करतो : १,००० पौंडांहून जास्त कर्जफेड, लिडियाच्या नावे आणखी १,००० आणि लष्करात नवी जागा. याला मी लग्न म्हणत नाही, अब्रूची भरपाई म्हणते. आणि ती भरपाई गुन्हेगाराला मिळते. कॉलिन्स पत्र पाठवतो की मुलगी मेली असती तरी परवडलं असतं. विकमबद्दल असं कुणीच लिहीत नाही.

१३. लिडिया परत आल्यावर बहिणीला ‘खाली बस’ म्हणते, ते काय प्रकरण आहे?

जेवायला जाताना लिडिया आईच्या उजव्या हाताला जाते आणि थोरल्या जेनला सांगते, आता तुझी जागा माझी, कारण मी लग्न झालेली बाई आहे. १६ वर्षांची मुलगी २२-२३ वर्षांच्या बहिणीला मागे ढकलते, आणि रीत तिच्या बाजूनं आहे. ज्या बायका हळदीकुंकवाला दाराशी अडखळल्या आहेत, लग्न झालं नाही म्हणून किंवा नवरा गेला म्हणून, त्यांना ही जेवणाची खोली ओळखीची आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. हळदीकुंकवाच्या दाराशी तो अजून पोचायचा आहे.

१४. डार्सीचं लग्न लेडी कॅथरिनच्या मुलीशी ठरलं होतं म्हणे. पण ती तर त्याची मावसबहीण!

बरोबर ओळखलंत. लेडी कॅथरिन ही डार्सीच्या आईची सख्खी बहीण, म्हणजे त्याची मावशी, आणि अ‍ॅन ही मावसबहीण. आपल्याकडे मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा चालतो, अनेक घरांत तर तोच पहिला हक्क मानतात. मावस भावंडं मात्र सख्ख्यासारखी. इंग्लंडच्या कायद्यात आणि चर्चमध्ये असा भेद नव्हता, सगळ्या चुलत-मावस-आते-मामे भावंडांना लग्नाची मुभा होती. मालमत्ता दोन घरांत राहावी म्हणून मोठ्या घराण्यांत ते होतही असे. पाळण्यात ठरवलेलं हे लग्न डार्सी मोडतो, तेव्हा मावशीचा संताप होतो.

१५. लेडी कॅथरिन बाई असून तिची इस्टेट मुलीला कशी मिळणार? मग एंटेलचा नियम कुठे गेला?

एंटेल हा देशभराचा नियम नव्हता, त्या त्या जमिनीच्या दस्तऐवजावर ते अवलंबून असे (प्रश्न ६). लेडी कॅथरिन स्वतः सांगते की मुलींना डावलून जमीन बांधून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही, आमच्या यजमानांच्या घराण्यात तशी गरज वाटली नाही. कादंबरीतलं हे फार महत्त्वाचं वाक्य लेखिकेनं सगळ्यात गर्विष्ठ पात्राच्या तोंडी घातलं आहे. म्हणजे बेनेट मुलींवरचा अन्याय ही काही दैवाची करणी नव्हे, वाडवडिलांनी कागदावर केलेली निवड आहे.

विधवा बाईच्या हाती सत्ता, हे चित्र कोल्हापूरला नवं नाही, कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसलेल्या आहेत. पण सत्ता हाती आली की बाई इतर बायकांची सुटका करतेच असं नाही. लेडी कॅथरिन गावातल्या प्रत्येकीच्या चुलीपर्यंत नाक खुपसते आणि एलिझाबेथला बजावते की आपल्या पायरीनं राहा.

१६. या कादंबरीत एकही साधा, सुखाचा संसार नाही का?

आहे, आणि तो मामा-मामींचा आहे. गार्डिनर हे आईचे भाऊ, लंडनमध्ये व्यापार करतात, त्यामुळे बिंगलीच्या बहिणी त्यांना हसतात. नवरा-बायको एकमेकांशी विचारानं बोलतात, भाच्यांना वेळ देतात, मामी एलिझाबेथला विकमबद्दल वेळेवर सावध करतात. लिडियाच्या प्रकरणात धावून जातात ते मामाच. एलिझाबेथला पेम्बर्लीला नेतात तेही मामा-मामीच, आणि कादंबरीचं शेवटचं वाक्य त्याबद्दलच्या कृतज्ञतेचं आहे. अंतरपाटाशी मुलीला मामानं आणायचं, या रीतीत वाढलेल्या आपल्या वाचकांना हा शेवट मनापासून आवडतो.

१७. लेखिकेनं स्वतः लग्न केलं होतं का?

नाही. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या ओळखीतल्या श्रीमंत घराच्या वारसानं मागणी घातली. तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. तेव्हा ती २७ ला पोचत होती, शार्लटच्याच वयाची. त्या घरात गेली असती तर आईचं आणि बहिणीचं म्हातारपण सुखात गेलं असतं. १८०५ मध्ये वडील गेल्यावर तिघी भावांच्या मदतीवर राहिल्या. या कादंबरीचे हक्क तिनं ११० पौंडांना विकले, आणि पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. शार्लटला कमी न लेखता तिची गोष्ट लिहिणाऱ्या बाईला त्या होकाराची किंमतही ठाऊक होती आणि नकाराचीही.

१८. मेरी आणि किटीचं पुढे काय झालं? त्यांची लग्नं झाली का?

कादंबरीत दोघी बिनलग्नाच्याच राहतात. किटी दोन्ही मोठ्या बहिणींकडे जाऊन-येऊन असते आणि तिच्यात सुधारणा होते. तिला लिडियाकडे पाठवायला मात्र वडील कधीच तयार होत नाहीत. मेरी आईजवळ घरी राहते, आणि आता सुंदर बहिणींशी तुलना होत नाही म्हणून तिला ते फारसं जड जात नाही.

ऑस्टिनच्या भाच्यानं लिहिलेल्या, १८६९ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या आठवणींत मात्र थोडं पुढचं सापडतं. घरच्या माणसांनी विचारलं की जेन आपल्या पात्रांचं पुढचं आयुष्य सांगत असे. तिच्या सांगण्याप्रमाणे किटीचं लग्न पेम्बर्लीजवळच्या एका पाद्र्याशी झालं, आणि मेरीला मिळाला तो फिलिप्स यांच्या कचेरीतला एक कारकून. फिलिप्स म्हणजे मावशीचे यजमान, आणि तेही आधी मुलींच्या आजोबांच्या वकिली कचेरीत कारकूनच होते. मावशीचं जसं झालं, तसंच मेरीचं झालं.